जुन्या लढाऊ विमानांची सिम्स कितपत अस्सल? माझ्या मते खोट स्टॉलमध्ये नाही, स्टिकच्या जोरात आहे

वायुवेग (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या सिमबद्दल (संगणकावरच्या उड्डाणाच्या खेळांबद्दल) वाद सुरू झाला की तो हमखास स्टॉलवर, म्हणजे पंखांची उचल सुटून विमान कोसळण्यावर, येऊन अडकतो. अमुक सिममध्ये ब्रिटिश स्पिटफायर जरा खेचलं की गिरकी खातं, म्हणून ते अस्सल. तमुक सिममध्ये खात नाही, म्हणून तो पोरखेळ. अवघड म्हणजे अस्सल हे समीकरणच मला मान्य नाही. या विमानांवर लढाईत उतरलेली बहुतेक पोरं विशीतली होती आणि हाताखाली काहीशे तासांचं उड्डाण असलं तरी पुष्कळ म्हणायचे. विमान दर वळणाला जीवावर उठत असतं तर त्यांच्याकडून लढाई झालीच नसती.

खरी कसोटी स्टिक (विमान कलवायचा, उचलायचा दांडा) हलवायला लागणाऱ्या जोराची आहे. फ्रेंचांच्या हाती पडलेलं एक जर्मन मेसरश्मिट १०९ ई ब्रिटिशांनी १९४० साली फार्नबरोच्या विमान-चाचणी केंद्रात कसून तपासलं. ताशी ४०० मैलांना वैमानिकाने अंगातली सगळी ताकद लावली तरी एलेरॉन (विमान बाजूला कलवणाऱ्या पंखावरच्या झडपा) पूर्ण पल्ल्याच्या एक पंचमांशापलीकडे जाईनात. ४५ अंश कलायला तब्बल ४ सेकंद. कॉकपिट इतकं अरुंद की स्टिक बाजूला ढकलायला दंडाला जागाच नाही. कापडी एलेरॉनचं स्पिटफायरही त्या वेगाला तितकंच जड निघालं, म्हणून तर पुढे धातूचे एलेरॉन आले.

आता सिममध्ये खाली झेप घेऊन तोच वेग घरी गाठून बघा. मनगट जरा वळवलं की झालं. पॉवर स्टेअरिंगवर शिकलेल्या माणसाने जुना ट्रक 'चालवला' म्हणावं, तसं हे आहे.

मर्लिन_तीन

असहमत. तुम्ही म्हणता ते जुन्या खेळांना लागू होतं. इल-२ या सिमच्या मालिकेत वैमानिकाच्या ताकदीला मर्यादा घातलेली आहे. वेग वाढला की तुम्ही जॉयस्टिक टोकाला नेली तरी कॉकपिटमधली स्टिक अर्ध्यातच थांबते, आणि १०९ चा रोल (बाजूला कलणं) मंदावतो तो मंदावतोच. डीसीएस या दुसऱ्या सिममध्येही तोच अनुभव. निकाल बरोबर येत असेल तर हाताला जोर लागला की नाही याने काय फरक पडतो? विमान जसं वागायला हवं तसं वागतंय, एवढं पुरे आहे.

वायुवेग

फरक पडतो. तुमची जॉयस्टिक टोकाला पोचलेली आणि पडद्यावरची अर्ध्यात अडकलेली, म्हणजे विमान किती ऐकतंय हे हाताला कळत नाही, डोळ्यांनी शोधावं लागतं. खऱ्या वैमानिकाला ते खांद्यात कळायचं. दमणूक वेगळीच. त्या १०९ ला उडताना फिरवता येईल असं रडर ट्रिमच (पायाने चालणाऱ्या शेपटीवरच्या सुकाणूचा भार हलका करणारी सोय) नव्हतं. वेगात नाक सरळ ठेवायचं तर डावा पाय सतत दाबून धरायचा. असं अर्धा तास करून मग लढायचं. टेबलाखालच्या पेडलवर हे काहीच येत नाही.

शेपटीचं_चाक

दोघांनाही एक उलट बाजू दाखवतो. जमिनीवर सिम खऱ्यापेक्षा अवघड असतं, सोपं नाही. १०९ ची चाकं जवळजवळ, नाक वर, समोरचं दिसत नाही. थ्रॉटल पुढे केला की विमान डावीकडे ओढ घेतं. खऱ्या विमानात ही ओढ आधी बसल्या जागी, कमरेला जाणवते आणि पाय आपसूक जातो. आपल्याला मात्र धावपट्टीची कड सरकलेली दिसल्यावर कळतं, आणि तोवर अर्धा सेकंद गेलेला असतो. मग आपण जास्त रडर देतो, विमान दुसरीकडे जातं, आणि पंख घासला की फोरमवर 'फ्लाइट मॉडेल (विमान कसं उडेल याचं सिममधलं गणित) बकवास' म्हणून ओरडतो. गणित बरोबर असतं, पण आपल्याला खुर्चीची जाणीव नसते.

मर्लिन_तीन

शेपटीचं_चाक, याच्याशी सहमत, पण मग १०९ ची खरी विमानं टेक-ऑफ-लँडिंगला मोठ्या संख्येनं मोडली त्याचं काय? त्या पोरांना तर कमरेची जाणीव होती. अवघड होतंच ते. निर्मात्यांनी आपल्या सोयीसाठी ओढ कमी केली तर मी ते सिम त्याच दिवशी काढून टाकीन.

शेपटीचं_चाक

कमी करा असं मी म्हटलेलं नाही. ओढ तेवढीच ठेवा, फक्त कळण्याची सोय वाढवा. खुर्चीखाली कंपन देणारं यंत्र, आवाजातला फरक, व्हीआरमध्ये डोक्याची हालचाल. आणि ग्रिफॉन इंजिनाचं स्पिटफायर उडवत असाल तर हे आणखी जपा. पंखा उलट फिरतो, म्हणून ओढही आधीच्या मर्लिन इंजिनाच्या उलट बाजूला.

स्प्रिंगवाला

सगळे फ्लाइट मॉडेलवर बोलताय, स्प्रिंगवर कोणीच नाही. खऱ्या विमानात ट्रिम केलं की स्टिकची मधली जागाच सरकते आणि हातावरचा भार जातो. आपली जॉयस्टिक स्प्रिंगने कायम एकाच मध्यावर परत येते. म्हणजे ट्रिम हा आपल्याकडे जोर घालवण्याचा उपाय न राहता नाक हलवायचं आणखी एक बटण होऊन बसतो.

स्पिटफायरचं तर विचारूच नका. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या झडपा) मुळातच फार हलके आणि पल्ला इवलासा. सरळ उड्डाणातून स्टॉलपर्यंत जायला खरी लांब स्टिक जेमतेम इंचभरही मागे यावी लागत नसे. अमेरिकनांनी मार्क पाच (स्पिटफायरची एक आवृत्ती) तपासलं तेव्हा हेच नोंदवलं. आपल्या आखूड जॉयस्टिकवर तोच पल्ला काही मिलिमीटरचा होतो. मग लोक कर्व्ह (जॉयस्टिक किती हलली की किती प्रतिसाद, ही सेटिंग) लावून मधला भाग बोथट करतात आणि वर 'आता खरं वाटतंय' म्हणतात. फोर्स फीडबॅकची (हाताला उलटा जोर देणारी) स्टिक घ्या, नाहीतर निदान लांब दांडा लावा. यावर केलेला खर्च ग्राफिक्स कार्डावरच्या खर्चापेक्षा सार्थकी लागतो, हे माझं ठाम मत.

आकडेमोड

धागाकर्त्यांना थेट विरोध. 'जाणीव' मोजता येत नाही आणि जे मोजता येत नाही त्यावर सिम तोलायचं कसं? आकडे घ्या. त्याच फार्नबरोच्या अहवालात १२,००० फुटांवर उंची न गमावता घेतलेल्या वळणाची किमान त्रिज्या दिली आहे: स्पिटफायर ६९६ फूट, १०९ ई ८८५ फूट. सिममध्ये उंची, वजन, इंधन तेवढंच ठेवून वळा आणि मोजा. जुळलं तर मॉडेल बरोबर. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीचं.

वायुवेग

आकडेमोड, तोच अहवाल पुढे वाचा की. ते आकडे गणिताने काढलेले आहेत. प्रत्यक्ष चाचणीच्या झुंजीत १०९ बऱ्याचदा स्पिटफायरच्या मागे टिकून राहिलं, कारण स्पिटफायरचे वैमानिक स्टॉल होईल या धास्तीने वळण पुरेसं आवळत नव्हते. आणि १०९ च्या पंखाच्या पुढच्या कडेवरचे स्लॅट (मंद वेगात आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या) उघडले की एलेरॉनला हिसके बसत आणि नेम बिघडे. म्हणजे १८९ फुटांचा फायदा कागदावर होता, हातात आणि मनात नव्हता. आपल्यापैकी प्रत्येक जण मात्र रोज संध्याकाळी तो फायदा शेवटच्या फुटापर्यंत वसूल करतो. तुमची त्रिज्या जुळेल, झुंज जुळणार नाही.

आकडेमोड

पण भीती घालणं हे सिमचं काम नाही. मरणाची भीती कुठलाच निर्माता देऊ शकत नाही. विमान नीट द्या, माणूस आम्ही आणतो.

इंजिनघर

मग इंजिनाच्या घड्याळाचं काय करायचं, आकडेमोड? अमेरिकन मस्टँग विमानाला ६७ इंच दाबाची (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) आपत्कालीन शक्ती पुस्तकात ५ मिनिटं. ही मर्यादा इंजिनाचं आयुष्य आणि देखभाल पाहून घातलेली. इल-२ च्या नव्या मालिकेत मात्र कित्येक वर्षं मुदत संपली की थोड्याच वेळात इंजिन खलास. हा आकडा पुस्तकातलाच आहे, तंतोतंत जुळतो, आणि तरी निकाल चुकीचा आहे. सहाव्या मिनिटाला इंजिन फुटत नसे, मेकॅनिकचं काम वाढत असे.

उलट उदाहरणही देतो. क्लिफ्स ऑफ डोव्हर या सिममध्ये नाक झटकन खाली दाबलं की सुरुवातीच्या मर्लिनचा श्वास अडकतो, कारण कार्ब्युरेटर. १०९ ला थेट इंधन-फवारणी, ते तसंच खाली निसटतं. १९४१ च्या सुरुवातीला बिअॅट्रिस शिलिंग यांनी इंधनाच्या वाटेत बसवायची छोटी चकती शोधली आणि तो त्रास पुष्कळ आटोक्यात आला. कारणासकट मॉडेल केलं की असं होतं. घड्याळ लावून नाही.

आकडेमोड

घड्याळाबद्दल मान्य. तापमान, दाब, झीज यांचं मॉडेल हवं, तेही आकड्यांतच बसतं. स्टिकच्या जोराबद्दल माझं मत तेच: तो मोजलेला आहे, मॉडेलमध्ये घातलेला आहे, प्रश्न तुमच्या टेबलावरच्या यंत्राचा आहे.

वायुवेग

मग निर्मात्यांनी निदान एवढं करावं. स्टिक अर्ध्यात अडकली की वैमानिकाचा श्वास जड होताना ऐकू येऊ दे, आणि पाच-दहा मिनिटं असं लढल्यावर त्याची ताकद थोडी उतरू दे. जी चा (वळणात अंगावर येणाऱ्या भाराचा) थकवा काही सिममध्ये आलाच आहे, त्याला हाताची जोड द्या. स्प्रिंगवाला, लांब दांडा कोणत्या बेसवर (जॉयस्टिकच्या खालच्या यंत्रावर) लावला आहे आणि स्प्रिंग बदलावी लागली का, ते सविस्तर लिहा.