मदत हवी आहे: अक्सुमबद्दल मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीतल्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी मी रविवारी इतिहासाचा तास घेते, यावेळी इथिओपियातलं अक्सुम हे प्राचीन राज्य घ्यायचं ठरवलंय, कारण आफ्रिका म्हटलं की मुलं इजिप्त सोडून पुढे जातच नाहीत आणि ते मला खरंच खटकतं.

तांबड्या समुद्रावरचं त्याचं अदुलिस बंदर (आत्ताच्या इरिट्रियात), तिथून डोंगर चढून राजधानीला आठ दिवस लागायचे असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. वरून हस्तिदंत खाली यायचं आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याकडचं सुती कापड, लोखंड तिकडे जायचं, हे वाचून मी तर हरखूनच गेले! चौथ्या शतकातल्या एझाना राजाच्या नाण्याचा फोटो झूम करून बघितला, राजाच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना धान्याची कणसं आहेत, आणि आधी वर चंद्रकोर असायची तिथे त्याने ख्रिस्ती धर्म घेतल्यावर क्रूस आला. एवढ्याशा नाण्यात केवढी गोष्ट!

आता अडलंय कुठे, तर मुलं विचारणारच की व्यापार समुद्रावर मग राजधानी इतक्या उंचावर, दोन हजार मीटरच्या वर का? पाऊस, शेती, हस्तिदंत एवढं सुचतंय, अजून काय सांगता येईल? आणि तिथल्या जुन्या गीझ लिपीची अक्षरं मुलांकडून गिरवून घ्यायचीत, सोपा तक्ता कोणाकडे आहे का? शनिवारपर्यंत मिळाला तर फार बरं होईल.