झोपेची गोळी सुरू झाल्यापासून घोरणे वाढले आहे

प्रश्न:
माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. झोप लागत नसल्याने डॉक्टरांनी त्यांना रात्री क्लोनाझेपामची गोळी सुरू केली आहे. ते पूर्वीही घोरत असत. परंतु आता घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, छाती आणि पोट मात्र हलत राहतात, आणि थोड्या वेळाने दचकल्यासारखा मोठा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. ही गाढ झोप समजावी की गोळीचा परिणाम?

उत्तर १:
ही गाढ झोप समजू नका. क्लोनाझेपाम बेंझोडायझेपिन गटातील औषध असून, ते मेंदूतील गाबा या रसायनाचा शामक प्रभाव वाढवते. त्यामुळे झोप येते, पण जीभ पुढे धरणारे आणि घसा उघडा ठेवणारे स्नायूही सैलावतात. छाती हलते आणि आवाज येत नाही, याचा अर्थ श्वासाची धडपड चालू आहे, पण वाट बंद आहे. असा खंड १० सेकंद किंवा त्याहून अधिक टिकला, तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. एरवी अशा वेळी मेंदू माणसाला क्षणभर जागे करून घसा मोकळा करतो. गोळीमुळे ही जाग उशिरा येऊ शकते आणि तोवर रक्तातील प्राणवायू अधिक खाली जाऊ शकतो. घोरण्याच्या आवाजापेक्षा मला याचीच अधिक काळजी वाटते.

उत्तर २:
मात्र गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका; नियमित घेतलेले हे औषध अचानक थांबवल्यास फिटचे झटके येऊ शकतात. झोपेतील श्वासाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा आणि स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे झोपेतील श्वासाच्या तपासणीबद्दल, विचारा. तासाला श्वासाचे सरासरी ५ खंड असतील तेव्हापासून झोपेतील श्वासाचा दोष धरला जातो, ३० किंवा त्याहून अधिक असतील तर तो तीव्र. तोवर त्यांना कुशीवर झोपवा. मद्य किंवा अफूवर्गीय वेदनाशामक चालू आहे का, हेही कळवा.

प्रश्नकर्ता:
मद्य घेत नाहीत. गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल चालू आहे.

उत्तर १:
ट्रॅमाडॉल अफूवर्गीयच आहे. दोन्ही औषधे एकत्र घेतल्यास श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये याविषयी सर्वांत कडक इशारा दिला होता. दोन्ही औषधे वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिली असतील, तर दोघांनाही आजच, रात्रीच्या गोळीपूर्वी, फोन करा. वडील हाक मारूनही नीट जागे झाले नाहीत, किंवा ओठ निळसर दिसले, तर थेट रुग्णालयात न्या.