शब्दचर्चा : आर्मेनियन भाषेतला 'आझ्ग', मराठीत राष्ट्र म्हणावं की आणखी काही?

उंबरठा :
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी आर्मेनियावर लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी तीन दिवस अडले आहे. शब्द 'आझ्ग', झ झाडातला. विशेषण 'आझ्गायिन'. कोशात अर्थ दिलाय राष्ट्र, राष्ट्रीय. पण आर्मेनियाच्या राज्यघटनेचं १८वं कलम तिथल्या अपोस्टोलिक चर्चला (बहुसंख्य आर्मेनियनांचं, रोमच्या पोपच्या अधिकाराबाहेरचं चर्च) 'आझ्गायिन येकेघेत्सी' म्हणतं. येकेघेत्सी म्हणजे चर्च. आता 'राष्ट्रीय चर्च' लिहिलं तर आपला वाचक काय समजेल? राष्ट्रीय महामार्ग, राष्ट्रीय बँक, तसं सरकारी चर्च. आणि त्याच्याच आधीचं १७वं कलम धार्मिक संस्था राज्यापासून वेगळ्या असल्याचं सांगतं. काय करू?

शाईवाला :
ताई, आधी त्या शब्दाची भावंडं बघा. 'आझ्गानुन' म्हणजे आडनाव. त्यातला 'आनुन' आपल्या 'नाम'चाच दूरचा भाऊ. 'आझ्गाकान' म्हणजे नातलग. 'आझ्गाबानुत्युन' म्हणजे वंशावळ. घरात हा शब्द कुळाचा आहे. बाहेर पडला की मोठा होतो : 'आझ्गायिन झोघोव' ही त्यांची संसद, आणि संयुक्त राष्ट्रसंघातली राष्ट्रंसुद्धा आझ्गच.
'सरकारी'साठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'पेताकान'. घटनेचं २०वं कलम आर्मेनियन भाषेला 'पेताकान लेझू' म्हणतं, म्हणजे राज्यभाषा. एकाच घटनेत भाषेला राज्याचं विशेषण लागलं आणि चर्चला आझ्गचं. तुमचा लेख इथूनच सुरू व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

गावकूस :
पण मग 'समाज' का नको? आर्मेनियन म्हणजे त्या चर्चचा माणूस, इतकं सरळ नाही का ते?

शाईवाला :
ऑटोमन काळात कागदोपत्री तसंच होतं. तिथे माणसांची मोजणी 'मिल्लत'वरून, म्हणजे धर्मसमूहावरून होई. इस्तंबूलच्या आर्मेनियन पात्रिआर्कच्या, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूच्या, अधिकाराखालचे ते आर्मेनियन मिल्लत. १८३१ मध्ये कॅथलिक आर्मेनियनांचा मिल्लत वेगळा झाला, पुढे प्रॉटेस्टंटांचाही. भाषा एक, गल्ली एक, आणि वहीत नाव वेगवेगळ्या पानांवर. १८६३ मध्ये मंजूर झालेल्या आर्मेनियन मिल्लतच्या नियमावलीचं नाव 'आझ्गायिन साहमानाद्रुत्युन'. शब्दशः राष्ट्रीय घटना, पण तेव्हा राष्ट्र कुठे होतं? तिथे गावकूस म्हणतात तसा 'समाज' अगदी चपखल बसतो. घटनेतल्या १८व्या कलमात मात्र तो तोकडा पडतो.

उंबरठा :
आणि भाषा? माझा अर्धा लेख माश्तोत्सवर आहे. ४०५ साली मेस्रोप माश्तोत्सने ३६ अक्षरं घडवली, कारण तोवर धर्मग्रंथ ग्रीक आणि सुरयानीत वाचले जात आणि ऐकणाऱ्यांना कळत नसत. भाषांतरित झालेलं पहिलं वाक्य बायबलातल्या नीतिसूत्रांतलं : ज्ञान आणि शिकवण ओळखावी, बुद्धीची वचनं समजावीत. भाषांतर करणाऱ्यांना त्यांच्या चर्चने संत मानलं. 'सुर्ब तार्गमानचात्स' असा पवित्र भाषांतरकारांचा सणच आहे, ऑक्टोबरात. त्यातला 'तार्गमान' आणि आपला 'तर्जुमा' एकाच सेमिटिक मुळातून आलेत, हे कळलं त्या दिवशी मी टेबलावरचं काम बाजूला ठेवून नुसती बसून राहिले. अशा लोकांची ओळख भाषेतच असणार ना?

पाणवठा :
उंबरठाताई, भाषेवर सगळा भार टाकू नका. त्यांच्याकडे दोन शब्द आहेत : 'हायाखोस', आर्मेनियन बोलणारा, आणि 'हायादावान', आर्मेनियन चर्चच्या श्रद्धेचा. (ते स्वतःला 'हाय' म्हणतात आणि देशाला हायास्तान, त्यातला स्तान आपल्या स्थानाचा सगोत्र.) हे दोन शब्द नेहमी एकाच माणसाला लागू पडतात असं नाही.
ल्विव्ह आणि कामेनेत्स-पोदोल्स्कमधले (दोन्ही शहरं आज युक्रेनमध्ये) आर्मेनियन १६व्या-१७व्या शतकांत किपचाक बोलत, ती तुर्की कुळातली भाषा. १६१८ मध्ये ल्विव्हला त्यांचं प्रार्थनापुस्तक छापलं गेलं : शब्द किपचाक, अक्षरं माश्तोत्सची. ऑटोमन मुलखात तुर्की बोलणारे आर्मेनियन होते, तेही तुर्की आर्मेनियन अक्षरांत लिहीत. १८५१ मध्ये इस्तंबूलला त्या लिपीत छापलेली एक प्रेमकथा तुर्की भाषेतली पहिली कादंबरी मानली जाते. तिच्यातल्या प्रेमाच्या आड येतं ते एवढंच, की एक अपोस्टोलिक आर्मेनियन आणि दुसरं कॅथलिक आर्मेनियन.
आता उलट बाजू. 'हाय-होरोम' घरी आर्मेनियन बोलत पण चर्च ग्रीक. १९२३च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत धर्म पाहिला गेला आणि त्यांना ग्रीसला जावं लागलं. तुर्कस्तानातल्या होपाकडचे हेमशिन लोक मुसलमान आहेत, बोली आर्मेनियनचीच, पण त्यांतले कित्येक स्वतःला आर्मेनियन म्हणवत नाहीत.
भाषा गेली तरी लिपी टिकली, कारण मूल अक्षरं गिरवायचं ते चर्चच्या सावलीत. अक्षराला ते 'गिर' म्हणतात. आणि नशिबाला 'चाकातागिर' : चाकात म्हणजे कपाळ. कपाळावरचं लिहिणं. याला मराठी प्रतिशब्द शोधावा लागत नाही.

गावकूस :
हे वाचून अंगावर काटा आला. मी कामानिमित्त चेन्नईत असतो. इथे जॉर्ज टाउनमध्ये आर्मेनियन स्ट्रीटवर त्यांचं चर्च आहे. आवारात थडग्यांच्या शिळा जमिनीत सपाट बसवल्यात, चालताना पायाखाली येतात. मी चप्पल काढून कडेने गेलो. एका शिळेवरच्या अक्षरांतून बोट फिरवलं, कडा अजून धारदार आहेत. इथल्याच धर्मगुरूंनी, हारुत्युन श्मावोन्यान यांनी, १७९४ मध्ये 'आझ्दारार' काढलं, आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक. (त्यात 'आझ्द' आहे, म्हणजे सूचना; 'आझ्ग'शी गल्लत नको.) स्वतःचं राज्य नसताना, इतक्या लांब मद्रासेत, धर्मगुरू छापखाना चालवतो.

पाणवठा :
गावकूसदादा, चप्पल काढलीत हे फार बरं केलंत.
जाता जाता एक मराठी धागा. कॅथलिक आर्मेनियनांना जॉर्जियातल्या जावाखेतीकडे आणि उत्तर आर्मेनियात 'फ्रांग' म्हणतात. हाच आपला 'फिरंग', 'फिरंगी'. आपल्याकडे तो पोर्तुगीजांना आणि त्यांच्या सरळ पात्याच्या तलवारीला चिकटला, तिकडे स्वतःच्याच भाषेतल्या, स्वतःच्याच रक्ताच्या शेजाऱ्याला. आणि त्यातला 'फ' माश्तोत्सच्या ३६ अक्षरांत नव्हताच. तो मध्ययुगात वाढवला आणि वर्णमालेच्या अगदी शेवटी बसवला.
पण म्हणून त्या 'फ्रांगां'ना आझ्गाबाहेर काढता येत नाही. व्हेनिसजवळच्या सान लाझारो बेटावर १७१७ पासून राहणारे मखितारपंथी आर्मेनियन मठवासी कॅथलिकच, आणि १८३६-३७ मध्ये प्राचीन आर्मेनियनचा मोठा कोश छापला तो त्यांनीच.

उंबरठा :
सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं. १८६३च्या जागी 'समाजाची घटना'. घटनेतल्या कलमासाठी 'राष्ट्रीय चर्च' नाही, 'राष्ट्राचं चर्च'. 'राष्ट्रीय' म्हटलं की मराठीत सरकार डोळ्यांपुढे येतं. षष्ठी लावली की माणसं येतात.

शाईवाला :
'राष्ट्राचं चर्च' उत्तम. फक्त पहिल्यांदा येईल तिथे मूळ 'आझ्ग' ठेवा आणि शेजारी 'आझ्गानुन, म्हणजे आडनाव' एवढं लिहा.