बिनसाखरेचा चहा पिऊन पण शुगर का वाढते?

कपबशी:
नमस्कार मंडळी, टाइप २ डायबेटीस आहे, दोन वर्षं झाली, मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. चहातली साखर पहिल्याच दिवशी बंद केली, जिवावर आलं होतं पण केली. आता गेल्या आठवड्यात सहज म्हणून चहानंतर तासाभराने मशीनवर बघितलं तर उठल्या उठल्या ११८ होती ती १५१! मधे काही खाल्लं नव्हतं, बिस्किटसुद्धा नाही, शपथ. नवरा म्हणतो तू चोरून साखर खातेस. मग दुसऱ्या दिवशी चिडून चहाच केला नाही, काळी कॉफी प्यायले, तर तिच्यानंतर पण १४०. आता काय फक्त गरम पाणी पीत बसू का?

सुईटोच:
ताई, आधी सांगा, दूध चहात घालता की चहा दुधात? चेष्टा नाही करत. दुधात लॅक्टोज असतं, ती साखरच आहे, फक्त जिभेला फारशी गोड लागत नाही. १०० मिलीत साधारण ५ ग्रॅम. साखरेचा सपाट छोटा चमचा म्हणजे ४ ग्रॅम. मी पण "बिनसाखरेचा" म्हणून मिरवायचो, मग एकदा दूध पातेल्यात ओतायच्या आधी मापाच्या कपात ओतून बघितलं तर १६० मिली निघालं, म्हणजे दोन चमचे साखरेइतके कार्ब्ज झाले आणि असे दिवसातून चार चहा. साय काढून किंवा लो फॅट आणून यात फरक पडत नाही बरं का, फॅट कमी होतं, लॅक्टोज तेवढंच राहतं.

अर्धीरात्र:
दुधाचं पटलं पण मग काळ्या कॉफीचं काय? तिथे दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे पहाटे शरीर कॉर्टिसोल वगैरे हार्मोन्स सोडतं, त्याने लिव्हर रक्तात ग्लुकोज टाकतं, तुम्ही काही खा नाहीतर नका खाऊ. दुसरं कॅफीन. त्याने अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि इन्सुलिनचं काम तेवढ्यापुरतं जरा ढिलं पडतं. सगळ्यांना होत नाही, माझ्या बहिणीला दोन कप स्ट्रॉंग कॉफीने काही होत नाही आणि मला एका कपात दिसतं. आता कोणीतरी येऊन सांगेलच की कॉफी पिणाऱ्यांना डायबेटीस कमी होतो. तसं दिसलंय अभ्यासात, डिकॅफ म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी पिणाऱ्यांमध्येही दिसलंय, पण तो दीर्घकाळाचा संबंध आहे, ज्यांना आधीच झालाय त्यांच्या आजच्या रीडिंगशी त्याचा काय संबंध? एक दिवस सकाळी नुसतं पाणी पिऊन त्याच वेळांना दोनदा बोट टोचा, मग कळेल चहाचं किती आणि सकाळचं किती.

कपबशी:
दूध मोजलं. १७० मिली. 😶
आणि आज नुसतं पाणी पिऊन बघितलं, ११६ ची १२९ झाली. म्हणजे १३ सकाळचे आणि बाकीचे दुधाचे, बरोबर ना?

तिसरा_डोळा:
इतका चोख हिशोब नका लावू हो. चांगल्या मशीनलासुद्धा १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११६ आणि १२९ हे एकच रीडिंगही असू शकतं. चारपाच दिवस तसंच करा, वहीत लिहा आणि मग बघा. आणि मुख्य म्हणजे हात धुता ना? आमच्याकडे वडिलांची अचानक २४० आली, घर डोक्यावर घेतलं, नंतर लक्षात आलं की त्यांनी लिंबूपाण्यात घालायला मधाची बाटली उघडली होती आणि तेच बोट टोचलं. साबणाने धुवून, पुसून परत केलं तर १३२. मधावरून आठवलं, "नैसर्गिक आहे" म्हणून साखरेऐवजी मध घालणारे बरेच आहेत, चमच्याला चमचा धरला तर मधात कार्ब्ज उलट जास्तच असतात.
तसंच ओट्सचं दूध. ते करताना स्टार्च मोडून माल्टोज नावाची साखर तयार होते, शुगर पटकन चढते. बिनसाखरेचं बदामाचं बरं. रेडीमिक्स चहा-कॉफी आणि हॉट चॉकलेटच्या पाकिटांवर मागचं बारीक अक्षर वाचा, बऱ्याचदा पहिलं नावच साखरेचं असतं, आणि शुगर फ्री लिहिलेल्या क्रीमर पावडरीत कॉर्न सिरप सापडतं.

सुईटोच:
एक राहिलं, फास्टिंग टेस्टला जाताना नुसतं पाणी. "काळा चहा चालतो" असं मलाही एकाने सांगितलं होतं, परत जावं लागलं. आणि इन्सुलिन किंवा शुगर खाली नेणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि ७० च्या खाली गेली तर गरम चहा फुंकत बसू नका, १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात ढवळून घ्या आणि १५ मिनिटांनी परत बघा.

कपबशी:
सगळ्यांचे आभार. चहा सोडणार नाही, उद्यापासून ५० मिली दूध आणि बाकी पाणी, हात धुवून आठवडाभर लिहिते. नवऱ्याला लॅक्टोजचं वाचून दाखवलं. म्हणाला, "म्हणजे खातच होतीस की."