पॉप्लरचा कापूस आणि आपली सावर

काश्मीरमध्ये मे महिन्यात पॉप्लरच्या झाडांचा कापूस बर्फासारखा उडतो आणि त्याने अ‍ॅलर्जी होते असं लोक म्हणतात, त्यात थोडी भर घालतो. तो कापूस म्हणजे परागकण नव्हेत, मादी झाडाच्या बियांचे केस असतात ते, नर झाडाला कापूस येतच नाही. नाकात गेला की शिंका येतात हे खरं, पण अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा त्याच दिवसांत उडणाऱ्या गवताबिवताच्या परागकणांची असते, ते डोळ्याला दिसत नाहीत आणि नाव कापसाचं होतं. २०१५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने ही झाडं तोडायला सांगितलं, मला तर फार वाईट वाटलं. मॉस्कोत पण जूनमध्ये हेच, तिथे साठलेल्या कापसाला काडी लागली की आग रस्त्याच्या कडेने सरसर पळत जाते, कारण तंतू एकदम बारीक आणि मधे नुसती हवा.

आपल्या सोलापुरात उन्हाळा लागला की सावरीची बोंडं तडकतात, कापसात काळ्या बिया असतात बघा. आणि वावळाच्या झाडाची फळं! पातळ गोल पंख, मधोमध बी, उन्हात धरलं तर शिरा दिसतात, झुळूक आली की गिरक्या घेत रस्ताभर पसरतात. पोरं ती बी सोलून खातात पण, छान लागते.