ऑपॉर्च्युनिस्टिक लॉक म्हणजे ‘संधिसाधू कुलूप’?

अनुवादिका : सांबा (विंडोज संगणकांना जाळ्यावरून फाइली पुरवणारी मुक्त प्रणाली) चालणाऱ्या सर्व्हरवरील सामायिक फाइल उघडत नसेल तर काय तपासावे, याची मार्गदर्शिका मी मराठीत आणत आहे. आधीच्या मसुद्यात ऑपॉर्च्युनिस्टिक लॉकला ‘संधिसाधू कुलूप’ म्हटले आहे. संधिसाधू हा मराठीत माणसाच्या चारित्र्यावरचा ठपका असल्याने तो मला येथे खटकतो.

सर्व्हरवाला : अर्थानेही तो चुकतोच. येथे सर्व्हर एका संगणकाला फाइलमधील बदल काही काळ स्वतःजवळच साठवण्याची मुभा देतो आणि दुसऱ्या कोणी तीच फाइल मागितली की ते बदल पाठवायला सांगून मुभा काढून घेतो. पहिल्या संगणकाने वेळेत उत्तर दिले नाही, की दुसरा ताटकळतो आणि ‘फाइल अडकली’ अशी तक्रार येते. हे कुलूप नव्हेच, ही मुभा आहे.

कोशप्रेमी : मुभा हा अरबी ‘मुबाह’वरून आलेला शब्द आहे. ‘अनुज्ञा’ घ्यावा.

जुना वाचक : मग कुलूपही सोडावे लागेल, कारण तेही अरबी ‘कुफ्ल’वरूनच आले आहे. शिवाय अनुज्ञा वाचल्यावर शासकीय मराठीची सवय असलेल्याला अनुज्ञप्ती, म्हणजे परवाना, आठवेल. एसएमबी म्हणजे सांबा ज्या नियमांनी फाइली पुरवतो ती नियमावली; विंडोज ७ सोबत आलेल्या तिच्या २.१ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनेच अशा मुभेसाठी ‘लीज’ हा शब्द आणला, तेव्हा सरळ ‘पट्टा’ म्हणावे.

सर्व्हरवाला : पट्ट्याला मुदत असते. एनएफएस या फाइली पुरवण्याच्या दुसऱ्या नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीतील लीजला ती आहे, नूतनीकरण झाले नाही तर सर्व्हर कुलपे रद्द करू शकतो. एसएमबीच्या लीजला मात्र मुदत नसते, सर्व्हर ती काढून घेईपर्यंत किंवा फाइल बंद होईपर्यंत ती टिकते. दोहोंना एकच शब्द दिल्यास वाचणारा फसेल.

कोशप्रेमी : तरीही तयार मराठी शब्द असताना इंग्रजी तसेच ठेवणे मला मान्य नाही.

कार्यालयीन वापरकर्ती : आमच्याकडे एक्सेलची ‘~$’ने सुरू होणारी लपलेली फाइल मागे राहिली, की ‘लॉक राहिले’ म्हणतात. तिच्यात केवळ फाइल उघडणाऱ्याचे नाव असते. तिला ‘खूणफाइल’ म्हणता येईल का?

सर्व्हरवाला : खूणफाइल उत्तम आहे, कारण खरे कुलूप सर्व्हरकडेच असते. ते पाहण्यासाठी ‘एसएमबीस्टेटस’ ही आज्ञा चालवली की पडद्यावर ‘ऑपलॉक’ (ऑपॉर्च्युनिस्टिक लॉकचे लघुरूप) नावाचाच रकाना दिसतो, म्हणून मार्गदर्शिकेत निदान कंसात तरी तो शब्द हवा.

अनुवादिका : त्याच तक्त्यात ‘डिनायमोड’ असाही रकाना आहे. फाइल उघडताना इतरांना वाचण्यास वा लिहिण्यास केलेली ती मनाई आहे. तेथे ‘मनाई’ पुरेल का?

कोशप्रेमी : मनाईही अरबीच. ‘प्रतिबंध’ लिहा.