‘डीइंटरलेसला टिक करा आणि विसरा’ हे मला मान्य नाही

तापीकाठ, भुसावळ

परवा इथे एकाने विचारलं होतं: कानबाईच्या (खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या) गाण्यांवर तासाभराची फिल्म करतोय, 2004-05 च्या मिनीडीव्ही टेपा आहेत आणि यंदा श्रावणात मिररलेस कॅमेऱ्यावर 25 पीत (सेकंदाला 25 पूर्ण चित्रं) काढलेलं शूटिंग आहे, दोन्ही एकत्र कसं बसवू? त्याला उत्तर मिळालं, “इंटरलेस म्हणजे जुना कचरा. सगळं 25 पी टाइमलाइनवर टाक, डीइंटरलेसला टिक कर, एक्सपोर्ट मार. मोबाइलवर कोणाला दिसतंय?” आणि त्याखाली नुसते अंगठे. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

पीडी 170 सारखा पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीचा) कॅमेरा सेकंदाला 25 चित्रं काढत नाही, 50 फील्ड काढतो, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं. हेच इंटरलेस किंवा 50 आय, आणि त्यातून पूर्ण चित्रं बनवणं म्हणजे डीइंटरलेस. प्रत्येक फील्ड 288 ओळींचं आणि वेगळ्या क्षणाचं. विसर्जनाच्या मिरवणुकीतली फुगडी घ्या. व्हीएलसीत डीइंटरलेस बंद करून फ्रेम थांबवा. हिरव्या चुड्याच्या जागी कंगव्याचे दात दिसतील, पदराचा काठ ओळीओळीने फाटलेला दिसेल, आणि मागे डोक्यावर कानबाई घेऊन उभी असलेली आजी मात्र एकदम स्वच्छ. जे हललं तेच फाटलं, कारण ते दोन वेगळ्या क्षणांत दोन वेगळ्या जागी होतं.

आता टिक मारल्यावर काय होतं? ब्लेंड, म्हणजे दोन्ही फील्ड मिसळणारं सेटिंग, असेल तर एका हाताचे दोन फिके हात. एक फील्ड टाकून देणारं सेटिंग असेल तर फुगडी साफ होते, पण आजीच्या चेहऱ्याचे अर्धे तपशीलही गेले, जे बिचारे हललेच नव्हते. आणि अर्धी हालचाल दोन्हीकडे जाते. त्या मिरवणुकीतल्या कितीतरी बाया आज हयात नाहीत. त्यांचं पुन्हा शूटिंग होणार नाही.

म्हणून माझं म्हणणं: टेप फायरवायर केबलने जशीच्या तशी कॉम्प्युटरवर घ्या, तासाला साधारण 13 जीबी लागतात. ती फाइल कायमची ठेवा. एडिटिंगला हात लावायच्या आधी क्यूटीजीएमसी या डीइंटरलेस करणाऱ्या फिल्टरने 50 पी (सेकंदाला 50 पूर्ण चित्रं) करून घ्या. मशीन रात्रभर चाललं तर चालू द्या. डीव्ही पाल लोअर फील्ड फर्स्ट असतं, म्हणजे खालच्या ओळींचं फील्ड आधीचं; एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी या एचडी पद्धती अपर, हे आधी तपासा. डीइंटरलेस होण्याआधी स्केल, रोटेट, स्टॅबिलायझर काहीही लावू नका. चित्र एक ओळ वर सरकलं की फील्डचा क्रम उलटतो, आणि 576 च्या 1080 ओळी केल्या की दोन्ही फील्ड एकमेकांत कालवली जातात. मग ती कुठलंच सॉफ्टवेअर वेगळी काढू शकत नाही.

यूट्यूबवर 50 फ्रेम 720 पासून पुढेच दिसतात. 576 चं तसंच चढवलं तर तिथेही निम्मं गेलं. 1440 बाय 1080 करा, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. 4:3 चं ताणून 16:9 करून आपल्याच आयाबायांना जाड करू नका.

एडिटखोली, धुळे

ते उत्तर माझं होतं आणि मी त्यावर ठाम आहे.

मी लग्नाच्या एडिटिंगवर घर चालवतो. सीझनमध्ये हळद, लग्न, वरात सगळं एकत्र येऊन पडतं आणि पोरीचा बाप तिसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह मागतो. एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर 50 आय टाकतो, 25 पी काढतो. आजवर एकाही गिऱ्हाइकाने फील्ड दाखव म्हटलेलं नाही.

दुसरं, तो माणूस फिल्म करतोय. थिएटरात 24 नाहीतर 25. 50 पीत फिल्म दाखवली की ती लग्नाची कॅसेट वाटते, सिनेमा वाटत नाही.

आणि गणितच करायचं तर पूर्ण करा. 50 आयला कॅमेऱ्याचं शटर साधारणपणे 1/50 सेकंद असतं. दोनातलं एक फील्ड घेतलं की 25 फ्रेमला 1/50, म्हणजे फ्रेमच्या निम्म्या वेळेपुरतं उघडं, 180 अंशांचं शटर. फिल्म कॅमेऱ्यावर हेच तर वापरतात! म्हणजे अर्धी फील्ड सोडली की हालचाल बिघडत नाही, उलट सिनेमासारखी होते.

सावदेकर

चॅनेलला द्यायची असेल तर दोघांचंही ऐकू नका. आपल्याकडचं एचडी प्रसारण आजही 1080 आय 50. जुनं फुटेज इंटरलेसच राहू द्या, नवीन 25 पी त्यातच बसतं, कारण त्याची दोन्ही फील्ड एकाच क्षणाची. फक्त 576 वरून 1080 ला नेताना तापीकाठ म्हणतात तसं आधी 50 पी, मग स्केल, मग परत 50 आय.

तापीकाठ, भुसावळ

शटरचा मुद्दा बरोबर आहे, मान्य करावाच लागेल. 25 ची फिल्म करायची तर ब्लेंड न करता एकाआड एक क्षण घ्यावा, यात वाद नाही.

पण तो क्षण कुठून घेता ते महत्त्वाचं आहे, भाऊ. नुसतं फील्ड उचललं तर 288 ओळी आणि तिरप्या रेघांना पायऱ्या. क्यूटीजीएमसी आजूबाजूच्या फील्डमधून स्थिर भागाच्या ओळी भरून काढतं. त्या 50 तला एकाआड एक घेतला तर तुमचं 180 अंशही मिळतं आणि आजीचा चेहराही वाचतो. शिवाय 50 ची फाइल हातात राहते. 50 वरून 25 कधीही करता येतं, उलटं येत नाही.

पारोळ्याची लेक

तुमची फील्डं वाचून मला रडू येतंय, कारण आमच्याकडे टेपच नाही.

2003 साली माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं. हळदीच्या रात्री आजी अहिराणी गाणी म्हणत होती, एकामागून एक, न थांबता. ती गाणी कुणी लिहून घेतली नाहीत. स्टुडिओवाल्याने दोन व्हीसीडी दिल्या आणि टेपवर पुढच्या लग्नाचं शूटिंग केलं. व्हीसीडी म्हणजे 352 बाय 288. अर्धी फील्ड गेली, रुंदीही अर्धी गेली, आणि अंधारात बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावर नुसते चौकोन. आता आजी नाही, आणि दुसरी व्हीसीडी मध्येच अडकते. त्या माणसाने टेप परत दिली असती तर काय बिघडलं असतं? पैसे तर आम्ही पूर्ण मोजले होते.

एडिटखोली, धुळे

ताई, आजीचं वाचून वाईट वाटलं. पण सगळ्या स्टुडिओवाल्यांना एका रांगेत उभं करू नका.

टेप आम्ही आमच्या पैशांनी आणायचो. एका लग्नाला तीन-चार लागायच्या. ठरवताना शेवटच्या शंभर रुपयांसाठी घासाघीस व्हायची. “टेप हवी असेल तर वेगळे पैसे” म्हटलं की उत्तर ठरलेलं, “आमच्याकडे कुठे कॅमेरा आहे, आम्ही टेप घेऊन काय करू? सीडी द्या.” वर्षानुवर्षं कुणी विचारायला आलं नाही. आणि आज सगळ्यांना मास्टर टेप हवी!

अमळनेरकर

माले हाई पटनं नही, भो.

1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 वाचा. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला किंवा फिल्म केली, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देणारा. लग्नाचं शूटिंग त्या कुटुंबाचं. त्यावर दुसऱ्याचं लग्न रेकॉर्ड करायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

एडिटखोली, धुळे

कॉपीराइट त्यांचा, टेप माझी. विकत मी घेतली. कायदा सांगताना हा फरकही सांगत जा.

अमळनेरकर

वा! म्हणजे चित्र आमचं आणि ते पुसायचा हक्क तुमचा? माझ्या मामाच्या वरातीचं शूटिंग असंच गेलं. मामा बँडपुढे नाचतोय, त्याचं तेवढंच हलतं चित्र होतं जगात. विचारायला गेलो तर दुकानात उत्तर मिळालं, “तेव्हाच न्यायचं होतं.” एक फोन करायला काय जात होतं? धंदा भावनेवर करता आणि भावनेचीच किंमत नाही तुम्हाला.

एडिटखोली, धुळे

तू मला भावना शिकवू नकोस. मे महिन्यात भर उन्हात खांद्यावर कॅमेरा घेऊन वरातीपुढे उलटं चालून बघ, मग बोल. दुसऱ्याच्या दुकानात झालेलं माझ्या माथी का मारतोस? माझ्या माळ्यावर टेपांची खोकी आहेत. मी फेकलेली नाहीत.

शहाद्याहून

दोघांनी अरे-तुरेवर येऊ नका. माळ्यावर खोकी आहेत हे वाचून मला जास्त काळजी वाटली. पत्र्याखालच्या माळ्यावर जळगाव-धुळ्याचा 45 अंशांचा उन्हाळा आणि मागून पावसाळ्याची ओल, टेपेला याहून वाईट जागा नाही. बुरशी लागलेली टेप डेकमध्ये (टेप चालवणाऱ्या यंत्रात) घातली तर टेप वाचणारं हेडही जातं आणि पुढच्या टेपेलाही लागण होते.

फील्डच्या क्रमाबद्दल एक सांगतो. सारंगखेड्याच्या यात्रेतलं जुनं शूटिंग मी 50 पी करून घेतलं. घोडा चाल दाखवतोय तिथे व्हीएलसीत ई दाबत एकेक फ्रेम पुढे नेली. क्रम बरोबर असेल तर खूर सरळ पुढे जातं. उलटा असेल तर पुढे, मागे, परत पुढे. नुसतं प्ले करून हे कळत नाही, थरथर वाटते आणि माणूस कॅमेऱ्याला दोष देतो.

अजून एक, कुणी बोललं नाही म्हणून. एसडीचे (जुन्या 576 ओळींचे) रंग 601 या मानकाचे, एचडीचे 709 चे. स्केल करताना तेही बदलून घ्या, नाहीतर कुंकू आणि हिरवा चुडा दोन्हींचा रंग सरकतो. कानबाईच्या फिल्मला ते चालणार नाही.

कानबाई फिल्म (प्रश्न विचारणारा)

मी सगळं वाचतोय. टेपा माझ्या मावशीकडे गोदरेजच्या कपाटात होत्या, बुरशी नाही. एक घेऊन तिन्ही पद्धतींनी फुगडीचा तुकडा काढला आणि घरच्या 43 इंची टीव्हीवर लावला. ब्लेंडमध्ये हात विरघळतात, बघवत नाही. एक फील्ड टाकलेल्यात नऊवारीच्या काठावर पायऱ्या दिसतात. क्यूटीजीएमसीचं 50 सगळ्यांत जिवंत, पण यंदाच्या 25 पी शूटिंगशेजारी लावलं की दोन वेगळ्या फिल्म वाटतात. म्हणून फिल्म 25 चीच ठेवतोय, 50 तला एकाआड एक घेऊन. पूर्ण गाणी मात्र 50 पीत वेगळी चढवीन. सावदेकर, चॅनेलचं ठरलं तर तुम्हाला विचारीन.

एडिटखोली, धुळे

तुकडा पाठवला होता, पाहिला. मोबाइलवर फरक नाही, हे मी आताही म्हणेन. टीव्हीवर आहे. लग्नाला मी हे करणार नाही, वेळ परवडत नाही. तुमच्या फिल्मला करा. ‘कचरा’ हा शब्द मागे घेतो, बाकी काही नाही.

तापीकाठ, भुसावळ

तेवढं पुरे आहे.

अमळनेरकर

मला पुरे नाही. खोक्यांचं काय? टेपांवर गाव-तारीख लिहिलेली असेल तर यादी करून इथे टाका. ज्यांच्या त्यांना कळू द्या.

एडिटखोली, धुळे

लेबलं आहेत. यादी करायला माणूस पाठवा, चहा मी देईन. पण फुकट कॅप्चर करून मिळणार नाही, आणि माझा डेक टेप खातोय, तो आधी दुरुस्त करावा लागेल.

पारोळ्याची लेक

आमचा स्टुडिओ दुसरा होता, त्यामुळे मला काही मिळणार नाही हे माहीत आहे. तरी यादी करायला मी येते. रविवारी जमेल.

शहाद्याहून

डेक दुरुस्तीला टाकू नका, माझ्याकडे चालू पीडी 170 आहे, फायरवायरची केबलही आहे. टेपा आधी सावलीत काढून ठेवा आणि बुरशी दिसली ती खोक्यातून वेगळी करा. मी रविवारी घेऊन येतो.